दगड बघायला

पाणी बघायला सगळे जातात, ऑगस्टात.
मला एप्रिलात जायचंय,
गोकाकचा धबधबा कातळावरचा
नुसता ओला डाग होऊन उरतो तेव्हा.
भरमाण्णा म्हणाला, बरोबर हाय.
दरी पाण्यानं कापली खरी,
पण दिसायची तर पाणी आटाय लागतंय.

मच्छेच्या फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान.
टबातल्या गढूळ पाण्यात ट्यूब फिरवत
बुडबुडा शोधावा तसा तो रस्ता शोधतो,
डोळे मिटून, हातानं.
एकतीस वर्षं लॉरी. गूळ, सरकी, सिमेंट,
एकदा रामदुर्गचं अख्खं वऱ्हाड,
नवरदेव केबिनमध्ये, बाकी सगळे ताडपत्रीखाली.

फाउंड्रीच्या जॉबकार्डाच्या पाठीवर
मी लिहून घेते.

पाचला निघायचं. साडेपाचला न्हवं, पाचला.
अंकलगीला सूर्य थेट डोळ्यांत घुसतोय,
तिथं चहा पी, त्याला वर चढू दे.
गोकाकात झुलत्या पुलावर सोडतील न सोडतील,
काठावरनं बघ. वाकू नको.
दगड तांबडा दिसतोय नवाच्या आत,
मग पांढरा पडतोय, आजारी माणसागत.
करदंट परत येताना घे, गरमीत चिकटतंय.
यरगट्टीला टाकी फुल्ल.
तिथनं पुढं झाड विसरायचं.

वाळवंट आपल्याकडं नाही.
पण त्या काळ्या रानाला भेगा पडतात
हाताचा पंजा उभा मावेल इतक्या,
आणि डांबराच्या टोकाला पाण्यासारखं काही
तुमच्याआधी पुढच्या मैलाला जाऊन बसतं.
पाट्या कन्नडातल्या. मी अक्षर अक्षर जुळवते,
साठच्या स्पीडला तीन हाती लागतात,
चौथं मागच्या आरशात.
भरमाण्णा हसला. गावं पाटीवरनं कोण ओळखतंय,
वासावरनं ओळखायची.
घरी तो कन्नड बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी,
गंजलेल्या नटाशी दोन्ही.

नविलुतीर्थाला मलप्रभेनं डोंगर मधोमध चिरलाय.
मोरानं हाक मारली म्हणे, आणि वाट झाली.
तू हॉर्न मारून बघ, तो म्हणाला,
आणि मग एकदम गप्प झाला.
ओल्या बोटानं कार्डावर गोल काढला.
सौंदत्तीच्या अलीकडं चिंच हाय. जोडचिंच.
दोन खोडं, सावली एक.
बारा ते तीन तिथं पडायचं. इंजिनपण झोपू दे.
माझी अर्धी झोप त्या झाडाखाली झालीया.

जानेवारीत मी बसनं गेले होते त्या बाजूला.
रस्ता रुंद झालाय.
खिडकीतून दोन चकत्या दिसल्या,
एकमेकींना टेकलेल्या, मातीहून फिकट,
वर कुणीतरी चुन्यानं नंबर टाकलेला.

मी सांगितलं नाही.
बोटाचं पाणी वाळलं,
कागद तेवढाच फुगून राहिला.

कुणासंगं चाललीस?
एकटीच.
त्यानं मान हलवली नाही, पण वाकून
मागचं चाक अंगठ्यानं दाबलं.
उन्हात हवा फुगतीया, दोन कमी ठेव.
चेनला तेल रात्रीच घाल, सकाळी विसरशील.
आणि चिंचेखाली पोचलीस की मिस कॉल दे.
उचलणार न्हाई मी. पैसे कशाला घालवायचे.

लिहिलं: बारा वाजता, मिस कॉल.
घरी आल्यावर यादी पुन्हा वाचली.
पाण्याचे दोन कॅन, प्लग, क्लचची वायर,
भाकरी, शेंगाचटणी, ओला टॉवेल.
त्याच्या खाली, जागा नव्हती तरी, तिरकं लिहिलं:
जुनी चादर एक,
चार वाव सुतळी.